बिनटपाची गाडी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात 'आकाराम बॉडीबिल्डर कुठं' म्हणून विचारत आलेल्या नवख्या माणसाला वाटायचं, आपण कुणा पैलवानाकडंच निघालोय. ते अगदीच खोटं नव्हतं. आकारामनं तरुणपणी तालमीत माती अंगाला लावली होती, जत्रेतल्या कुस्त्या मारल्या होत्या. पण संसार उभा राहिला तो ट्रकांच्या बॉड्या बांधून. बायको लवकर गेली. थोरली अनुजा शेडमध्येच वाढली, शाळा सुटली की बापाशेजारी बसून पत्रे सरळ करायला शिकली आणि पुढं आयटीआयला जाऊन वेल्डर झाली. धाकटा आदर्श कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात लागला.

अनुजाला दिली ती कागलच्या अलीकडच्याच एका गावात. नवरा सम्राट. घरची बागायत, दोन डंपर, तरुण मंडळाचं अध्यक्षपद. चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभा असायचा. घरात ते हात दुसऱ्या कामाला यायचे. पहिल्यांदा मारलं ते फोन उचलायला उशीर झाला म्हणून. पुढं पुढं कारण सांगायचंही त्यानं सोडून दिलं. असं काही सुरू झालं की सासू धोंडुबाई बादली उचलून गोठ्यात जायची. धारेची वेळ असो नसो, जायची, आणि घरात सामसूम झाल्यावर रिकामी बादली घेऊन परत यायची.

शेवटच्या खेपेला सम्राटनं जॅकचा दांडा वापरला. अनुजाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी तो डंपरवर गेल्यावर तिनं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं हात गळ्यात बांधला आणि एसटीनं कोल्हापूर गाठलं. आकारामनं तिला बघितलं, शेडचं शटर ओढलं आणि तिला दवाखान्यात नेलं. ती परत जाणार नाही हे तिनं वाटेतच सांगून टाकलं.

हाड जुळलं, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. ट्रकची बॉडी बांधायची म्हणजे सगळं काम डोक्याच्या वरचं. ते आता तिला जमणार नव्हतं. मग तिचं लक्ष शेडमागं पडलेल्या जुन्या कूपे गाडीकडं गेलं.

ती एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या मालकाची गाडी. स्वातंत्र्याच्या आधीची, विलायती, दोनच दारांची, कासवाच्या पाठीसारखा गोल टप असलेली. आकारामनं ती भंगारात घेतली होती ती निव्वळ पत्रा जाड म्हणून, आणि तशीच ठेवून दिली होती. टप गंजून त्याची चाळण झालेली. शेजारणीच्या कोंबड्या आत अंडी घालायच्या. अनुजानं बापाला सांगितलं, हिचा टप उतरवायचा, वरनं मोकळी करायची आणि आत दणकट इंजिन बसवायचं. आदर्शनं मोबाईलवर परदेशातल्या तसल्या गाड्या दाखवल्या. हॉट रॉड म्हणतात म्हणाला. बॉनेट नाही, मडगार्ड नाहीत, इंजिन उघडं, आणि माणूस उन्हावाऱ्यात बसलेला.

आकाराम म्हणाला, टप म्हणजे गाडीचा कणा असतो, तो काढलास तर मधनं वाकेल. अनुजाला ते ठाऊक होतं. तिनं आधी चासीला दोन्ही अंगांनी लोखंडी चॅनल जोडले. मग दोन्ही दारं चौकटीला कायमची वेल्ड करून टाकली. आता आत जायचं तर कडेवरून पाय टाकूनच. हे सगळं झाल्यावर तिनं ग्राइंडर हातात घेतला. एकेक खांब कापताना ठिणग्या तिच्या हातमोज्यावर, गळ्यावर, केसांत उडत होत्या. शेवटचा खांब सुटला तसा टप कण्हल्यासारखा आवाज करून एका बाजूला कलला. बापलेकीनं तो उचलून बाहेर फेकला. अनुजा कडेवरून आत उतरली आणि नुसतीच उभी राहिली. डोक्यावर काही नव्हतं. बऱ्याच दिवसांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पुढची काच तिनं निम्म्यावर कापली. एका अपघातातल्या जीपचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं आणून बसवलं. सायलेन्सरशिवाय पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. कुणीतरी व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत सम्राटच्या मंडळाच्या ग्रुपवर पोचला, आणि तिथं कुणीतरी खाली लिहिलं, अध्यक्ष, वहिनींनी रणगाडा केलाय, जपून ऱ्हावा.

सम्राट दोघा-तिघांना घेऊन आला तो भर सकाळी. आधी गोड बोलला. झालं गेलं विसरून घरी चल म्हणाला, गाडीबी घेऊन चल, मिरवणुकीला होईल. अनुजा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडं बघत राहिली. तसा तो बुटांसकट गाडीत उतरला, सीटवर उभा राहिला आणि लोकांना हात करतात तसा हात करून बरोबरच्यांना हसवू लागला. आकारामनं त्याला खाली उतर म्हणून सांगितलं. सम्राट उतरला आणि सासऱ्याच्या छातीवर हात ठेवून त्यानं त्याला मागं ढकललं.

आकारामचं वय साठीच्या पुढचं, पण अंगातली माती गेली नव्हती. छातीवरचं मनगट त्यानं धरलं, वळला, आणि जावयाला पाठीवरून उचलून धोबीपछाड घातली. सम्राट लोखंडाच्या किसावर उताणा पडला. बघायला जमलेल्यांतला एक म्हातारा सवयीनं बोलून गेला, पाठ लागली. गल्ली हसली. त्याच्याबरोबरची माणसंही हसू लपवायला तोंड फिरवून उभी राहिली. कोल्हापुरात पाठ लागलेला माणूस तालमीतनं हात मिळवून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. सम्राट तालमीतला नव्हता. तो उठला, अंगावरचा कीस न झाडताच आपल्या जीपमध्ये बसला आणि गेला.

पोलिसांत कळवूया असं अनुजा म्हणाली. आकारामला ते पटलं नाही. त्याच्या मते कुस्ती झाली, संपली.

त्या शनिवारी दुपारी अनुजा व्हाइसच्या शिकंज्यापाशी बसली होती. ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळत होता म्हणून तिनं तो गाडीतनं काढून, उघडून, टेबलावर मांडला होता. त्याचे रबर यायचे होते. आकाराम नुकताच जेवून आडवा झाला होता. बंद पडलेल्या गाड्या उचलून न्यायचा ट्रेलर शेडसमोर येऊन थांबला, त्याच्यामागं सम्राटची जीप. आत शिरलेल्यांच्या हातात पाइप होते.

आकाराम उठून बसेपर्यंत पहिला पाइप त्याच्या खांद्यावर बसला होता. तो तरीही उठला आणि त्यानं एकाला कमरेत धरलंही, पण मागनं दोघांनी त्याला खाली पाडलं. अनुजानं घण उचलला. डावा हात वर जाईना म्हणून तिनं तो उजव्या हातानंच आडवा फिरवला. समोरच्याच्या कोपराखाली तो लागला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो माणूस खाली बसून लहान पोरासारखा रडू लागला. मग कुणाची तरी लाथ अनुजाच्या त्या जुन्या जुळलेल्या हाडावर बसली. तिला दिसायचंच बंद झालं. परत दिसू लागलं तेव्हा सम्राट आकारामच्या गुडघ्यावर पाइप मारत होता. रागारागानं नव्हे. खुंटा ठोकावा तसा, एक मारून, थांबून, बघून, परत.

"आता उभा ऱ्हा की आखाड्यात," तो म्हणाला.

आकाराम ओरडला नाही. त्यानं तोंडात स्वतःचाच शर्ट धरला होता.

गाडी ढकलून ट्रेलरवर चढवली. कागदपत्रं नव्हती, नंबर नव्हता, रस्त्यावरनं चालवत नेली तर पोलीस अडवणार एवढी अक्कल सम्राटला होती. दोऱ्या बांधताना त्यांच्यातला एकजण आत बसला होता. त्यानं सहज ब्रेकवर पाय ठेवला. पॅडल तळाला गेलं आणि तिथंच राहिलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं हँडब्रेक ओढला आणि तो उडी मारून उतरला.

अनुजा बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ते पॅडल खाली गेलेलं बघितलं. तोंडात रक्त होतं, पण बोलता येत होतं. ती बोलली नाही.

सरकारी दवाखान्यात आकारामच्या पायाचा एक्स-रे बघून डॉक्टरांनी ऑपरेशन करावं लागेल म्हणून सांगितलं. पोलीस जबाब घेऊन गेले. आदर्श कारखान्यातनं तसाच आला होता, अंगावर गणवेश. अनुजानं त्याला बाहेर कट्ट्यावर नेऊन सांगितलं की गाडीला ब्रेक नाही.

तो म्हणाला, "आक्का, त्यानं ती चोरून न्हेलीया. चोराला कोण सांगतंय, ब्रेक न्हाय म्हणून?"

तिनंही मान डोलावली. सम्राटनं मोबाईलवर टाकलंच होतं, उद्या रविवार, जोतिबाला गाडीची पूजा आणि मग डोंगरावर मिरवणूक. जोतिबाचा उतार अनुजाला माहीत होता. रात्रभर ती बापाच्या खाटेशेजारी बसून तो उतार डोळ्यांपुढं आणत राहिली. गाडी सुटलीय, सम्राट पॅडल दाबतोय, पॅडल खाली जातंय. परत पहिल्यापासून. त्यात तिला भीती वाटली नाही. खांदा ठणकत होता आणि ते चित्र त्याच्यावर शेक दिल्यासारखं वाटत होतं. कधीतरी तिला गाढ झोपही लागली.

सकाळी आदर्शनं मोबाईल पुढं धरला. गाडी ट्रेलरवरनं डोंगरावर पोचली होती. झेंडूच्या माळा, गुलाल, मागच्या बाजूला उभी राहिलेली मंडळाची माणसं. आणि पुढं डाव्या सीटवर धोंडुबाई. हिरवं इरकल लुगडं, कपाळभर कुंकू. दारं उघडत नाहीत म्हणून तिला कुणीतरी उचलून आत ठेवली असणार. एका हातानं तिनं कापलेल्या काचेची कड घट्ट धरली होती आणि ती कॅमेऱ्याकडं न बघता खाली बघत होती, रस्त्याकडं.

अनुजा उभी राहिली. तिनं सम्राटला फोन लावला. त्यानं तोडला. परत लावला तर लागेचना. तिनं पोलिसांच्या नंबरवर सांगितलं. पलीकडच्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि तिकडं कळवते म्हणाली. तेवढ्यावर बसून राहणं तिला जमेना. तिनं आदर्शकडं त्याच्या मोपेडची चावी मागितली.

आदर्श देईना. तिनं त्याच्या खिशात हात घातला तसं त्यानं तिचं मनगट पिरगाळून धरलं. हीच ती म्हातारी, तुझं हाड मोडलं तेव्हा गोठ्यात जाऊन बसलेली, असं तो दातओठ खाऊन म्हणाला. अनुजानं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. सख्ख्या भावाच्या हाताला, रक्त येईस्तोवर. चावी खाली पडली ती तिनं उचलली.

शिवाजी पूल, केर्ली, मग डोंगराचा चढ. मोपेड खड्ड्यात आदळली की प्रत्येक वेळी खांद्यातनं कळ निघायची. वाटेत पायी जाणारी माणसं, यात्रेतल्या सासनकाठ्या नसलेला साधा रविवार, पण गर्दी होतीच. तिनं हॉर्नवरचा अंगठा उचललाच नाही.

वरच्या वाहनतळापाशी हलगी वाजत होती. गाडीचं तोंड उताराकडं होतं. त्या उताराला डाव्या हाताला दुकानांची रांग, नारळ, दवणा, गुलाल, खेळणी, पेढे, आणि त्या दुकानांपुढं बायकापोरं. उजव्या हाताला कापलेल्या डोंगराची काळी भिंत. मोपेड टाकून अनुजा गर्दीतनं घुसली आणि गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली. हलगीवाला थांबला.

ती सम्राटशी बोललीच नाही. सासूला म्हणाली, "आत्ती, खाली उतरा. गाडीला ब्रेक न्हाय. मी काढून ठेवलाय, माझ्या टेबलावर पडलाय."

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तेच परत म्हणाली.

धोंडुबाईनं मुलाकडं बघितलं. सम्राट हसला आणि मागच्यांकडं वळून म्हणाला, गाडी पाहिजे म्हणून नाटक करतीया. अनुजा म्हणाली पॅडल दाबून बघ. आजवर तिनं त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. चारचौघांत, मंडळासमोर, तीही अशी रक्ताळलेल्या पोलक्यात येऊन. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो कडेवरून उतरला आणि त्यानं तिच्या तोंडात मारली. एकदा तळहातानं, मग मुठीनं. ती पडली. धोंडुबाई सीटवरनं उठायला बघत होती, कडेवर पाय टाकायचा प्रयत्न करत होती, पण इरकल अडकत होतं आणि उतरवून घ्यायला कुणी पुढं होईना.

सम्राट परत आत बसला. इंजिन चालू केलं. मागनं दोघांनी ढकललं, कुणीतरी चांगभलं म्हणालं, गुलाल उडाला आणि गाडी सुटली.

अनुजा तिच्या बाजूनं पळू लागली. एकानं तिचे केस धरले. ती थांबली नाही, केस त्याच्या मुठीत राहिले. गाडी अजून माणसाच्या चालीनं जात होती. तिनं मागची कड उजव्या हातानं पकडली, पाय उचलला आणि ती मागच्या जागेत उलटीपालटी होऊन पडली. मागं उभी असलेली माणसं ओरडत होती. त्यातल्या एकाला तिनं लाथ घालून खाली ढकललं, अजून वेग नाही तोवर. बाकीच्यांनी तिच्या डोळ्यांत काय बघितलं कुणास ठाऊक, त्यांनी आपणहून उड्या टाकल्या.

तेवढ्यात सम्राटनं ब्रेक दाबला.

त्याचा पाय तळाला गेलेला तिला मागनं दिसला नाही, पण त्याचे खांदे दिसले. ते एकदम वर आले. त्यानं परत दाबला, परत दाबला. घाबरून त्यानं क्लचही दाबून धरला, आणि इंजिनची होती ती अडवणूकही गेली. गाडी मोकळ्या दगडासारखी सुटली. अनुजानं त्याच्या कानात ओरडून सांगितलं, क्लच सोड. त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्यानं हँडब्रेक सगळ्या ताकदीनं ओढला. तो फक्त उभी गाडी धरण्यापुरता होता. तार तुटली आणि दांडा त्याच्या हातात सैल झाला.

खाली वळणावर दर्शनाची रांग दुकानांपुढं आली होती. लोक वळून बघत होते, अजून हलत नव्हते. सम्राटनं स्टिअरिंग डावीकडं, रुंद दिसणाऱ्या बाजूला, वळवायला घेतलं. तिकडं माणसं होती. अनुजानं मागनं त्याच्या गळ्याभोवती डावा हात टाकला. तो वर जात नव्हता, तरी टाकला, आणि आत काहीतरी परत मोडलं. उजव्या हातानं तिनं स्टिअरिंग धरलं. त्यानं कोपरानं तिच्या तोंडावर मारलं. तिचे दात ओठातनं आरपार गेले. त्यानं परत मारलं. तिनं त्याचा कान दातांत धरला, धरून ठेवला, आणि सगळं वजन टाकून चाक उजवीकडं ओढलं.

"आत्ती, खाली वाका," एवढं ती त्याआधी म्हणाली होती.

गाडीचा उजवा कोपरा डोंगराच्या भिंतीवर गेला. आधी खरवडत, मग एका पुढं आलेल्या कातळावर आदळून थांबला. टप असता तर कदाचित बॉडीनं थोडा मार खाल्ला असता. आता सगळा मार चासीनं आणि माणसांनी खाल्ला. इंजिन मागं सरकून सम्राटच्या पायांवर आलं. अनुजा दोन सीटांच्या मधनं पुढं फेकली गेली आणि काचेच्या लोखंडी कडेनं तिचा गाल कानापर्यंत उघडला. धोंडुबाई खाली वाकलेली होती. तिचं मनगट मोडलं, कपाळ फुटलं.

धूळ खाली बसायच्या आत मंडळाची माणसं धावत आली. त्यांनी आधी सम्राटला काढायचा प्रयत्न केला, तो निघेना, त्याच्या किंकाळ्यांनी त्यांचं डोकं फिरलं आणि ती अनुजाकडं वळली. तिला पाय धरून रस्त्यावर ओढलं आणि लाथा सुरू झाल्या. वळणावर नारळ विकणारी शालूबाई मध्ये पडली म्हणून ती वाचली. दुकानाचा बांबू उपसून शालूबाईनं पहिल्याच्या पाठीवर इतक्या जोरात घातला की बांबू चिरला. तिच्यामागनं बाकीचे दुकानदार आले, हातात मिळेल ते घेऊन. ती गाडी कुठं येणार होती आणि कुठं गेली, हे त्या सगळ्यांनी समोर उभं राहून बघितलं होतं.

सम्राट जगला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

अनुजाला गालाचे टाके निघायच्या आत अटक झाली. सम्राटनं जबाब दिला होता की बायकोनं जीव घ्यायच्या हेतूनं ब्रेक काढून ठेवला आणि मुद्दाम त्याची बाजू भिंतीवर घातली. चौकशी करणाऱ्या साहेबांनी तिला विचारलं, ब्रेक नाही हे तुला कधीपासून माहीत होतं. वकिलानं, आदर्शनं, सगळ्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की सकाळी आठवलं असं म्हण. तिनं सांगितलं, आदल्या दिवशी दुपारपासून. ती गाडी नेत होते तेव्हाही माहीत होतं, तरी मी बोलले नाही. साहेबांनी ते लिहून घेतलं.

आदर्श तिला तुरुंगात भेटायला आला तेव्हा त्याच्या हातावर तिच्या दातांचा वण होता. हे सांगायची काय गरज होती म्हणून तो चिडला होता. तिला नीट बोलता येत नव्हतं, ओठ शिवलेले. ती एवढंच म्हणाली की त्या रात्री मला चांगली झोप लागली होती, ती तर लागलीच होती ना. त्याला ते कळलं नाही.

जामीन झाला, तो धोंडुबाईच्या जबाबामुळं. मुलगा पलीकडच्या खोलीत पडलेला असताना म्हातारीनं पोलिसांना सांगितलं की सून आली, ब्रेक नाही म्हणून दोनदा बोलली, पोरानं ऐकलं आणि तरी गाडी सोडली. तिनं हेही सांगितलं की पोरगा स्टिअरिंग माणसांकडं वळवत होता. गावातनं तिला निरोप आले, नातेवाइकांनी समजावलं, सम्राटनं तर बोलणंच टाकलं. ती लेकीकडं राहायला गेली. आकारामला मारल्याचा खटला सम्राटवर आणि त्याच्या माणसांवर वेगळा उभा राहिला. घटस्फोट त्यामानानं लवकर झाला.

अनुजावरच्या मोठ्या खटल्याची साक्ष पुढच्या पावसाळ्यात सुरू झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात अनुजा बापाला घेऊन बसली होती. आकाराम आता काठीनं चालायचा आणि बसताना पाय सरळच ठेवायचा. धोंडुबाई लेकीबरोबर आली, लेक आत चौकशीला गेली, आणि म्हातारी जरा घुटमळून अनुजाच्या शेजारी बाकावर येऊन टेकली. त्या दिवसानंतर दोघी पहिल्यांदाच एवढ्या जवळ आल्या होत्या. म्हातारीनं सुनेच्या गालावरचा वण बघून घेतला.

"ब्रेक न्हाय, हे तुला आदल्या दिशी ठावं हुतं म्हनं."

"व्हय, आत्ती."

"मग आलीस कशी?"

"तुमचा फोटू बघितला."

समोरनं काळे कोट घातलेली माणसं जात-येत होती. मग धोंडुबाईनं विचारलं, "आन् मी नसतो तर?"

आकारामनं मान वळवून लेकीकडं बघितलं. अनुजाला खोटं बोलता आलं असतं, म्हातारीला तेच हवं होतं हेही तिला दिसत होतं. खाली खूप लोक होते, त्यांच्यासाठी आले असते, असंही म्हणता आलं असतं. कदाचित ते खरंही होतं. पण त्या रात्री तिनं जो उतार पुन्हा पुन्हा बघितला होता त्यात लोक नव्हतेच.

"ठावं न्हाय," ती म्हणाली.

धोंडुबाईनं पदर सारखा केला. उठली, आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर, अनुजाकडं पाठ करून जाऊन बसली. ती जाताना, तिला थांबवायला उठावं म्हणून, आकारामचा हात नकळत काठीवर गेला होता, तो त्यानं काढून घेतला.

थोड्या वेळानं शिपायानं धोंडुबाईचं नाव पुकारलं. पहिल्या हाकेला ती उठली नाही. दुसऱ्या हाकेला उठली, मोडून जुळलेल्या मनगटानं भिंतीचा आधार घेत आत गेली. उघड्या दारातनं तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता. सून गाडीपुढं उभी राहिली इथपासून तिनं सुरुवात केली, आणि सरकारी वकील मध्ये थांबवू बघत होता तरी, काही न वगळता, शेवटपर्यंत सांगितलं.